शिळावर्तुळं पुष्कळ झाली, आता वावरातली घरं खणा

काळीमाती: नागपूरजवळचं जुनापाणी, माहुरझरी म्हटलं की डोळ्यांपुढे जुन्या थडग्यांभोवती रचलेली दगडांची वर्तुळंच येतात. ती मुरमाड माळावर, म्हणून वाचली. रचणाऱ्यांची घरं मात्र नाल्याकाठच्या काळ्या वावरात, अन् तिथं दरसाल ट्रॅक्टर फिरतो. टाकळघाटला १९६८-६९ मध्ये वस्ती खणली, नायकुंडला १९७८-८० मध्ये लोखंड गाळायची भट्टीच निघाली. नुसत्या थडग्यांवर थांबलो असतो तर हे कळलं असतं का? कापूस निघाला की मेपर्यंत ५ × ५ मीटरचे चार-सहा चौकोन लावून अख्खं घर उघडा. २ × २ च्या चाचणी खड्ड्यात चूल मिळते, भिंत बाहेर राहते.

धुऱ्यावरून: एवढी घाई कायची? नांगर ९ ते १२ इंच जाते, त्याखालचं जागेवर आहे. तुमच्या एका चौकोनातून वरची ३० सेंमी माती काढली तरी साडेसात घनमीटर होते, उकरल्यावर फुगून आणखी जास्त. ती वेगळी रचावी लागते. बुजवताना खालचा चुनखडीचा थर वर आला, की हरभरा पिवळा पडते. संत्रा असेल तर विचारूच नका. पंचनामा कोण करते मग?

खुरपी: ‘खालचं जागेवर आहे’ हे काळ्या मातीत खरं नाही, भाऊ. उन्हाळ्यात भेगा पडतात, मीटरभर खोल. वरचा कोळसा, खापर, प्लास्टिकची पन्नीसुद्धा आत जाते आणि पावसात माती फुगून भेग मिटते. म्हणून कालमापनासाठी भेगेतला कोळसा घेऊ नये. चोपलेल्या जमिनीखाली दबलेल्या चुलीतला घ्यावा, हात न लावता, खुरपीच्या टोकानं, ॲल्युमिनियम फॉइलमध्ये.

काळीमाती: तेच म्हणतो मी. दरसाल थोडं थोडं बिघडतंय.

खुरपी: थांबा, तुमच्या बाजूनंही पूर्ण नाही. काळ्यावर काळं दिसत नाही, ही खरी अडचण. खांबाचा खड्डा ओळखायचा तर पृष्ठभाग खुरपीनं तासायचा, फवारणी पंपानं अगदी हलकं पाणी मारायचं आणि सकाळच्या तिरप्या उन्हात बघायचं. खड्ड्यातली माती भुसभुशीत, ओल वेगळी धरते. दहा वाजता सगळं वाळून तडकतं, मग भेग कोणती आणि खड्डा कोणता कळत नाही. दिसेल ते लगेच चुन्यानं आखून घ्या, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. एवढं जपून करायचं तर एका हंगामात सहा चौकोन होत नाहीत, दोन झाले तरी पुष्कळ.

नकाशेवाला: जाता जाता: ही वर्तुळं रचणारी, लोखंड वापरणारी माणसं कधीची, तेही सांगतो. इ.स.पूर्व पहिलं सहस्रक.

धुऱ्यावरून: दोन चौकोनांना माझी ना नाही. पण आधी वावरभर खापरं मोजा, १० मीटरच्या चौकटीत. जिथं दाट, तिथंच खणा. चुलीची राख फेकू नका, पाण्यात घोळून तरंगलेलं बारीक चाळणीत धरा, जळके दाणे त्यातच भेटतात. बुजवताना खड्ड्याच्या तळावर बोटभर वाळू टाका, मग खालची माती, शेवटी वरची. पुढच्या वेळी वाळू लागली की खणणाऱ्याला थांबायचं कळते.

काळीमाती: वाळूचं मान्य. पण त्या वावरात पुन्हा खोल नांगरट झाली तर? वखरावर भागवायला शेतकरी तयार हवा.

धुऱ्यावरून: पिकाची भरपाई आधी कागदावर लिहून द्या, तयार होते. पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना तर लागतेच, त्याच अर्जासोबत हाही कागद जोडा. अन् १५ मेच्या आत खड्डे बुजवा. मृगाचा एक पाऊस पडला की उभ्या कडा बसतात.