हवामान-मॉडेलातल्या सागरी बर्फासाठी ईव्हीपी आता सोडावी का?

उत्तरध्रुव

हिब्लर यांनी १९७९ साली विस्कस-प्लास्टिक रिऑलॉजी (ताणाखाली बर्फ कसा वाहतो, मोडतो याचं गणित) मांडली. १९९७ मध्ये हंके आणि ड्युकोविच यांनी तिला समांतर संगणकांवर पळेल असं इलॅस्टिक रूप दिलं, तीच ईव्हीपी (इलॅस्टिक-विस्कस-प्लास्टिक). जगातली बहुतेक हवामान-मॉडेलं आजही याच घराण्यावर चालतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या ईएसएम या मॉडेलात सागरी बर्फासाठी असलेला एसआयएस हा भागही त्यातलाच. माझं मत असं की आर्क्टिकपुरती तरी तिला निवृत्त करावं.

कारण बर्फातल्या भेगा. हवा उणे ३० अंश असताना उघड्या पाण्यातून दर चौरस मीटरला काही शे वॅट उष्णता निघते. वर हिम साचलेल्या तीन मीटर जाड बर्फातून जेमतेम दहा-वीस. त्यामुळे एक-दोन टक्के क्षेत्रातल्या भेगाही सगळा हिशेब फिरवतात. मॉडेलाच्या ग्रिडमधल्या ५० किमीच्या खणात ईव्हीपी हे उघडणं सपाट पसरवून टाकते. नेक्स्टसिम हे भंगुर (बर्फ तडकून मोडतो असं धरणाऱ्या) रिऑलॉजीचं मॉडेल महासागराशी जोडून २०००-२०१८ चा रन केला, तेव्हा जानेवारी ते मार्चमधल्या बर्फवाढीपैकी २५ ते ३५ टक्के वाढ भेगांमधली निघाली. एवढा मोठा वाटा अंदाजपंचे कसा सोडायचा?

थंडगणित

संगणकाचे तास मोजून मिळतात. ते आधी बर्फावर पडलेल्या हिमावर आणि वितळतळ्यांवर (उन्हाळ्यात बर्फावर साचणारी तळी) घाला.

हिमाची उष्णतावाहकता साधारण ०.३, बर्फाची २ च्या आसपास (वॅट प्रति मीटर प्रति केल्विन). म्हणजे २० सेंमी हिम हे सव्वा मीटरहून जास्त बर्फाइतकं पांघरूण झालं. हिमाच्या जाडीत पाच सेंमीची चूक झाली की हिवाळ्यातली वाढ बिघडते, मग रिऑलॉजी कुठलीही असो. उन्हाळ्यात ताज्या हिमाचा अल्बेडो (सूर्यप्रकाश परतवण्याचा वाटा) ०.८५, उघड्या बर्फाचा ०.६ च्या आगेमागे, तळ्याचा ०.२ ते ०.३. मे महिन्यातल्या तळ्यांवरून सप्टेंबरच्या बर्फाचा अंदाज बांधता येतो, हे रीडिंगच्या गटाने २०१४ मध्येच दाखवलंय.

शिवाय पातळ बर्फ भराभर वाढतो, जाड हळू. भेगांमधली चूक यातून बरीचशी आपोआप भरून निघते. आणि सीएमआयपी६ या जागतिक मॉडेल-तुलनेमधली बहुतेक मॉडेलं एकाच घराण्यातली असून सप्टेंबरच्या आकड्यांत त्यांची तोंडं दहा दिशांना आहेत. ही तफावत रिऑलॉजीतून येईल कशी?

उत्तरध्रुव

सगळ्यांची चूक एकाच दिशेची असेल तर ती तफावतीत दिसणारच नाही! बर्फावर ठेवलेल्या बोयांवरून मोजलेला बर्फाचा वाहण्याचा वेग गेल्या काही दशकांत वाढत गेलाय, मॉडेलांना ती वाढ नीट पकडता आलेली नाही. ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या फ्रॅम सामुद्रधुनीतून दरवर्षी आर्क्टिक बर्फाच्या क्षेत्रफळापैकी सुमारे दहा टक्के बाहेर जातं. वाहण्यात चूक झाली की तिथलाही जमाखर्च चुकतो.

सबसायकल

दोघेही गृहीत धरताय की ईव्हीपी नीट सोडवलेली असते. बऱ्याचदा नसते.

साइस या सागरी-बर्फ मॉडेलातली नेहमीची मांडणी घ्या: टाइमस्टेप ३६०० सेकंद, त्यात १२० सबसायकल (छोटी पावलं), म्हणजे ३० सेकंदांचं एक पाऊल. ईव्हीपीच्या इलॅस्टिक भागातून उठणाऱ्या लवचिक लहरी विझण्याचा काळ ०.३६ गुणिले ३६००, म्हणजे १२९६ सेकंद. एका टाइमस्टेपमध्ये असे पावणेतीन काळ बसतात, म्हणजे लहरी सहा टक्क्यांच्या आसपास उरतात. एक अंशाच्या ग्रिडवर हे खपून जातं. ग्रिड बारीक केली की त्याच १२० मध्ये बर्फाच्या विरूपणाच्या (आकार बदलण्याच्या) नकाशावर खवले दिसायला लागतात आणि लोक रिऑलॉजीला शिव्या घालतात. विझण्याचा काळ नुसता कमी करून भागत नाही, तो सबसायकलच्या पावलाहून बराच मोठा राहावा लागतो.

तपासणी सोपी. शिअर (बर्फाचं एकमेकांशेजारून घसरणं) आणि डायव्हर्जन्स (फाकणं) क्षणिक, तासागणिक बाहेर काढा. मासिक सरासरीत सगळं लपतं. सबसायकल दुप्पट करा. नकाशा बदलला तर उत्तर अजून स्थिरावलेलं नाही. मग सबसायकल वाढवा किंवा सुधारित ईव्हीपी घ्या. किंमत मोजावी लागते, कारण प्रत्येक सबसायकलला शेजारच्या प्रोसेसरांशी कडांची देवाणघेवाण होते आणि हजारो कोरवर निम्मा वेळ वाट बघण्यात जाऊ शकतो.

दुसरी गोष्ट बर्फाची ताकद ठरवणारा पी-स्टार हा आकडा. हिब्लर यांच्या १९७९ च्या लेखात तो ५,०००. पुढे रोजचे वारे घेतल्यावर २७,५०० न्यूटन प्रति चौरस मीटर. बर्फ तोच, वारा किती बारकाईने दिला त्यावर आकडा पाचपटीने हलला. सहा-तासी वाऱ्यांवरून तासागणिक वाऱ्यांवर जाताना तो तसाच ठेवणारे पाहिले की हसू येतं.

उत्तरध्रुव

मान्य. पण नीट सोडवलेल्या विस्कस-प्लास्टिकला सुबक भेगा काढायला दोनेक किमीची ग्रिड लागते. ग्रिडचं अंतर निम्मं केलं की खर्च साधारण आठपट. शंभर वर्षांचा रन, तोही दहा-वीस सदस्यांचा, कोण करणार? आणि एवढं करूनही लंबवर्तुळी यील्ड-वक्रामुळे (बर्फ कुठल्या ताणाला मोडतो ती सीमा) भेगा एकमेकींना छेदतात ते कोन उपग्रहात दिसतात त्याहून मोठेच येतात. भंगुर रिऑलॉजीला दहा किमी पुरतात.

थंडगणित

नेक्स्टसिमची जाळी बर्फाबरोबर सरकते. त्रिकोण फार चपटे झाले की नवी जाळी विणायची, आणि महासागराच्या स्थिर ग्रिडशी दरवेळी मीठ-उष्णतेचा हिशेब जुळवायचा. नेमो या महासागर-मॉडेलाच्या एसआय३ या बर्फ-भागात हीच रिऑलॉजी स्थिर ग्रिडवर आणल्याचं काम २०२४ मध्ये छापून आलं, पण तिथे ताण आणि ‘डॅमेज’ (बर्फ किती तडकलाय) हे दोन्ही वाहून न्यावे लागतात आणि वाहताना ते पसरट होतात. भेग भरून येण्याचा काळ, कोहेजन (बर्फ एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद), हे ट्यून करायचे नवे खुंटे वेगळेच. ते पिळायला वापरतात ती रडारसॅट उपग्रहाची विरूपणाची माहिती मुख्यतः हिवाळ्याची. उन्हाळ्यात काय?

दक्षिणवारा

अंटार्क्टिकाचं नावही कोणी घेईना. तिथला बर्फ उत्तरेकडे मोकळा पसरतो, किनाऱ्यात कोंडलेला नसतो, त्यामुळे अंतर्गत ताणाचा वाटा बराच कमी. फेब्रुवारी २०२३ मध्ये तो १७.९ लाख चौरस किमीवर उतरला. तिथे रिऑलॉजी बदलून फारसं हाती लागेल असं वाटत नाही. खालून येणारी महासागराची उष्णता आणि लाटांनी होणारी फोडाफोड आधी बघा.

सबसायकल

आर्क्टिकसाठी तुलना करणार असाल तर वारे आणि महासागर तेच ठेवा, पण हवेचा व पाण्याचा ड्रॅग (बर्फावरची ओढ) दोन्ही रिऑलॉजींना वेगवेगळा ट्यून करा. एकीचा ट्यून केलेला ड्रॅग दुसरीला लावला की दुसरी हरणारच. फ्रॅममधून जाणारं क्षेत्रफळ आणि क्रायोसॅट-२ उपग्रहाने मोजलेली हिवाळी जाडी, दोन्ही एकत्र जुळवा. फक्त सप्टेंबरचं क्षेत्र जुळवायचं असेल तर अल्बेडोचा एक खुंटा पुरतो.