राख सापडली म्हणून अग्निमंदिर? हे ठरवतात कशावरून?

पांढरीचं टेकाड: इराणमधल्या उत्खननांबद्दल वाचताना 'अग्निमंदिर' हा शब्द पावलोपावली येतो. चूल, भट्टी आणि वेदी यांतला फरक जमिनीत ओळखतात कसा? आणि प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तर म्हणतो की पर्शियन लोक देवळं, वेद्या, मूर्ती उभारत नाहीत. मग या वास्तू कोणाच्या?

खापरतुकडा: नुसत्या राखेवर भिस्त ठेवू नका. आधी राखेत काय मिसळलंय ते बघतात. हाडं, चरबी असेल तर स्वयंपाक किंवा बळी. शेण्या जाळल्या असतील तर राखेच्या पातळ छेदात ध्रुवित प्रकाशाखाली चुन्याचे सूक्ष्म गोलक दिसतात. ते दिसले नाहीत म्हणून शेण्या नव्हत्याच असं मात्र नाही. जास्त तापमानात आणि आम्लधर्मी मातीत ते नष्ट होतात. कोळशाच्या तुकड्यावरून झाड ओळखता येतं.

मग वेदी. मलायरजवळच्या नुश-ए-जानला डेव्हिड स्ट्रोनाख यांनी १९६७ पासून खणलं. तिथली वेदी कच्च्या विटांची, पांढऱ्या गिलाव्याची, सुमारे ८५ सेंमी उंच. माथ्यावर उथळ खळगा, त्याला जळल्याच्या खुणा. दारातून विस्तव दिसू नये म्हणून मध्ये बुटकी आडभिंत. मला राखेपेक्षा ही आडभिंत बोलकी वाटते. पुढे कधीतरी दगडाच्या कपच्या भरून ती खोली मुद्दाम बुजवली, म्हणून भिंती इतक्या उंच टिकल्या. पण हे ठिकाण मीड लोकांचं, म्हणजे पर्शियन साम्राज्याच्या आधी इराणात सत्ता असलेल्यांचं, हिरोडोटसच्या बरंच आधीचं. त्याला सरसकट 'पर्शियन' किंवा 'झरथुष्ट्री' म्हणू नये.

चुनखडी: हिरोडोटसचं म्हणणं हखामनी काळापुरतं, म्हणजे पहिल्या पर्शियन साम्राज्याच्या काळापुरतं, बऱ्यापैकी जुळतं. हखामनींच्या पासारगाद या राजधानीत उघड्यावर चुनखडीचे दोन पोकळ चौथरे आहेत, एकाला पायऱ्या. नक्श-ए-रुस्तमला हखामनी राजा दारयवहूच्या थडग्यावर राजा पायऱ्यांच्या ओट्यावर उभा आणि समोर पेटती वेदी, असं कोरलंय. ते बघून पासारगादच्या जोडीचा अर्थ लावतात: पायऱ्यांच्या चौथऱ्यावर राजा, दुसऱ्यावर विस्तव.

याउलट सिस्तानमधलं दहान-ए-गुलामान. तिथल्या मोठ्या चौकात वेद्या आहेत, पण राखेत जनावरांची हाडं सापडली. म्हणजे हखामनी काळातला, पण आजच्या अग्यारीशी (पारशी अग्निमंदिराशी) न जुळणारा विधी.

नक्श-ए-रुस्तमचा 'काबा-ए-झरतोश्त', म्हणजे झरथुष्ट्राचा काबा, तर नावानेच फसवतो. उंच दगडी मनोरा, आत एकच खोली, खिडक्या सगळ्या खोट्या, धुराला वाट नाही. तिथे विस्तव कायम तेवत ठेवायचा म्हटलं तर पुजारीच गुदमरेल! मात्र त्याच भिंतीवर कित्येक शतकांनंतरच्या सासानी घराण्यातल्या पहिल्या शापूर राजाचा तीन भाषांतला लेख आहे आणि त्यात त्याने स्वतःच्या व कुटुंबीयांच्या नावे अग्नी स्थापल्याची नोंद आहे.

पांढरीचं टेकाड: आणि चार कमानींवर घुमट असतो ते चहारताक? चहूकडून उघडं, तिथे वाऱ्यात विस्तव टिकायचा कसा?

खापरतुकडा: ते आज उघडं दिसतं. पुष्कळ ठिकाणी भोवती प्रदक्षिणामार्ग आणि बाहेरच्या भिंती होत्या. त्या पातळ, म्हणून आधी ढासळल्या आणि दगड गावकऱ्यांनी नेले. चार जाड खांब तेवढे उरतात. म्हणून नकाशा काढताना खांबांबाहेरचे काही मीटरही खणावे लागतात. नुसता घुमटाखालचा चौक साफ केला की भिंतींचे पाये हुकतात. आणि चहारताक म्हणजे अग्निमंदिरच असंही नाही, तीच रचना राजवाड्यातही सापडते.

आणखी एक अडचण: धातूचं पात्र ठेवून अग्नी राखला असेल, तर पात्र उचलून नेल्यावर जमिनीवर भाजल्याचा डागही उरत नाही. अग्यारीतलं आफर्गान्यू, म्हणजे अग्नी ठेवायचं पात्र, तसंच असतं.

चुनखडी: म्हणूनच तख्त-ए-सुलेमान इतकं महत्त्वाचं. जर्मन पथकाने १९५९ पासून तिथे काम केलं. घुमटाच्या दालनाबरोबर तिथे मातीचे मुद्रांकित गोळे मिळाले आणि काहींवर पहलवीत (सासानी काळच्या फारसीत) 'आदुर गुश्नस्पच्या अग्निगृहाचा मोबेद' असं पद कोरलेलं. मोबेद म्हणजे पुजारी, आदुर गुश्नस्प हे अग्नीचं नाव. सासानी काळातल्या तीन थोर अग्नींपैकी जागेवर असा लेखी दाखला मिळालेला तेवढाच एक. बाकीच्या दोघांच्या जागांवर अजून वाद चालू आहे.