मदत हवी आहे: कॉपीराइट एजंटच्या नोंदणीत घरचा पत्ता द्यावाच लागतो का?

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत राहते. इथल्या मराठी घरांतली जुनी रेकॉर्डिंग्ज लोक स्वतः चढवतात अशी एक साइट मी चालवते. आजीच्या ओव्या, गणपतीतल्या आरत्या, अंगणातलं भोंडल्याचं गाणं. मागच्या महिन्यात कुणीतरी एका गाजलेल्या नाटकाचा अख्खा अंकच टाकला. नोटीस आली, मी त्याच रात्री तो काढला, पण जीव धास्तावलाय.

इतकं कळलंय की अमेरिकेच्या कायद्यातलं कलम ५१२चं संरक्षण (लोकांनी चढवलेल्या गोष्टींतल्या कॉपीराइट भंगाची भरपाई साइटवाल्यावर येऊ नये म्हणून) हवं तर एजंटचं, म्हणजे अशा तक्रारी स्वीकारणाऱ्याचं, नाव साइटवर द्यायचं आणि कॉपीराइट ऑफिसातही नोंदवायचं. शुल्क ६ डॉलर, दर ३ वर्षांनी नूतनीकरण. २०१६च्या डिसेंबरपासून सगळं ऑनलाइन. पैशांचा प्रश्नच नाही.

अडलंय ते पत्त्यावर. एजंटसाठी पोस्ट बॉक्स चालतो, पण साइट चालवणाऱ्याचा रस्ता-घरक्रमांकासह पत्ता लागतो आणि ती यादी कुणालाही उघडून बघता येते. माझं ऑफिस म्हणजे स्वयंपाकघरातलं टेबल. घरात दोन लहान मुली आहेत.

कुणी एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) काढून वेगळा पत्ता दिलाय का? साइटचं जुनं नावही नोंदणीतल्या पर्यायी नावांत घालावं का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा. तोवर नवीन रेकॉर्डिंग्ज घेणं थांबवलंय.