मोझार्टच्या 'रेक्विएम'वर तटस्थपणे कसं लिहायचं?

मंद्रसप्तक: 'रेक्विएम'वर (मृतांसाठीच्या प्रार्थनेचं चर्चसंगीत) कार्यक्रमपत्रिकेसाठी ३०० शब्दांचं टिपण हवंय. मसुद्यात 'काळीज पिळवटणारं' आणि 'स्वतःच्याच मृत्यूसाठी लिहिलेलं' असलंच भरलंय. काय ठेवू, काय काढू?

कोरसप्रेमी: विशेषण खोडा, तिथे कानाला काय ऐकू येतं ते लिहा. 'लाक्रिमोसा' या भागात १२/८ चा ठेका, व्हायोलिनचे दोन-दोन स्वरांचे तुटक उसासे, आठव्या मापापर्यंत (बारपर्यंत) वर चढत जाणारे सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचे उंच आवाज. एवढ्यावर वाचक 'करुण' स्वतःच म्हणतो. वाद्यमेळही सांगा: बासरी, ओबो नाहीत, दोन बासेट हॉर्न (क्लॅरिनेटच्या जातीची, खालच्या सुरांची वाद्यं) आहेत, म्हणून रंग गडद.

जुनी पोथी: खरी अडचण कर्तृत्वाची. ५ डिसेंबर १७९१ ला मोझार्ट गेला तेव्हा फक्त 'इंट्रोइट' हा सुरुवातीचा भाग पूर्ण होता. त्यानंतरच्या 'कीरीए'चे गायनभाग तयार होते. पुढच्या बऱ्याच भागांत गायन, बास आणि वाद्यांच्या थोड्या खुणा. 'लाक्रिमोसा' आठ मापांवर थांबलेलं. बाकीचं मुख्यतः त्याचा सहायक झ्युसमायर यानं पुरं केलं. 'सांक्टुस', 'बेनेडिक्टुस' आणि 'आग्नुस देई' हे पुढचे भाग तर आपलेच, असं तो म्हणे. तेव्हा 'सांक्टुस'मध्ये 'मोझार्टची प्रतिभा' शोधू नका. काम काउंट वाल्सेगनं पत्नीच्या स्मरणार्थ दिलं होतं. स्वतःच्या मृत्यूची गोष्ट 'पत्नी कॉन्स्टान्झेच्या सांगण्यानुसार' असं म्हणूनच द्या. 'आमाडेउस' सिनेमातला सालिएरी (मोझार्टचा प्रतिस्पर्धी संगीतकार) तर साफ वगळा.

कोरसप्रेमी: आणि आवृत्ती कोणती गाताय? संगीतज्ञ लेव्हिन यानं नंतर केलेल्या आवृत्तीत 'लाक्रिमोसा'नंतर 'आमेन' फ्यूग (एकच धून आवाजांनी एकामागून एक उचलायची रचना) येतो, झ्युसमायरच्यात नाही. आधी कंडक्टरला विचारा, नाहीतर पत्रिकेत एक आणि मंचावर भलतंच.