दही-ताक बंद करू नका

आईंना मधुमेह आहे म्हणून तुम्ही आधीच धास्तीने दूध-दही सगळं सोडलंत, हे वाचून राहवलं नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मार्च २०२४ मध्ये योगर्टच्या डब्यावर, आठवड्याला किमान २ कप खाल्ल्यास टाइप २ मधुमेहाचा धोका कमी होऊ शकतो, असं छापायला परवानगी दिली. पुरावा मर्यादित आहे हेही लिहायचं, या अटीवर. म्हणजे दही काही औषध नव्हे, पण घाबरण्यासारखंही नाही.

खरी गोम साखरेत आहे. श्रीखंडात चक्क्याच्या जवळजवळ बरोबरीने साखर पडते. चहाच्या प्रत्येक कपात दोन चमचे जातात ते वेगळेच. तिथे हात आखडता घ्या. जेवताना वाटीभर साधं दही, जिरं घातलेलं ताक खुशाल घ्या. आईंचं पथ्य मात्र त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच बदला.