प्रतिसाद : फवारणी होते, मग डास पाळायचे कशाला?
महापालिका धूरफवारणी करतेच, तर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत डास पाळण्याचे प्रयोजन काय, असे वर विचारले आहे. ठाण्यात याच कामात असल्याने थोडी भर घालतो.

फवारलेल्या औषधाने डास मरतात की नाही, हे तपासण्यासाठीच ते पाळावे लागतात. घोडबंदर रोडवरील बांधकामाच्या साचलेल्या पाण्यातून आणलेल्या अळ्या पांढऱ्या ट्रेमध्ये वाढवायच्या, कोषातून निघालेल्या माद्यांना रक्त न देता साखरपाण्याच्या बोळ्यावर ठेवायचे, मग कीटकनाशक लावलेला कागद असलेल्या नळीत त्यांना एक तास सोडून 24 तासांनी मेलेल्या मोजायच्या, ही जागतिक आरोग्य संघटनेची रूढ पद्धत आहे. मृत्यूचे प्रमाण 90 टक्क्यांखाली आले, तर त्या डासांत प्रतिकारक्षमता आली असे मानतात. दिवसातील निम्मा वेळ मोजण्यातच जातो, हे मात्र खरे.

डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्तीची अंडी फिल्टर कागदावर कोळशाच्या भुकटीसारखी दिसतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. म्हणूनच पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, आतून घासावे लागते.

गोचिडांचे काम वेगळे. त्यांच्यासाठी पांढरे फलालीन गवतावरून ओढत नेतात आणि चिकटलेल्या गोचिडी चिमट्याने टिपतात. गोचिडींमार्फत पसरणारा माकडताप 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात प्रथम आढळला आणि पुढे आपल्या सिंधुदुर्गातही त्याचे रुग्ण सापडले, त्यामुळे गोचिडींकडे केवळ गुरांची कटकट म्हणून पाहणे मला पटत नाही.