अँग्झायटीच्या दोन गोळ्या एकत्र: सवय डबल लागते का?

पौडफाट्यावरची:
वय ४१, बँकेत काउंटरला. जूनपासून सिग्नलला गाडी थांबली की छातीत धडधड, हातांना मुंग्या, आता इथेच पडणार असं वाटतं. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं नॉर्मल. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम ५ (आठवड्याने १०) आणि प्रोप्रानोलॉल २० सकाळ-संध्याकाळ लिहून दिलंय. चार दिवस दोन्ही स्ट्रिपा फ्रिजवर तशाच पडून आहेत. कारण आई. तिची अल्प्राझोलाम (अँग्झायटीचीच, पण सवय लागणारी गोळी) ‘थोडे दिवस’ म्हणून सुरू झाली आणि अकरा वर्षं चालली. नारायण पेठेतलं औषधाचं दुकान बंद दिसलं की ती कासावीस व्हायची. मला ते नकोय.

बिनसाखरेचा_चहा:
एस्सिटालोप्राम दोन वर्षं घेतली. पहिले दहा दिवस मळमळ, जांभया, धडधड उलट जरा वाढलीच. चौथ्या आठवड्यात कधीतरी लक्षात आलं, आज सकाळपासून आपण नाडीच धरून बघितली नाही! मनाने बंद मात्र करू नका. मी दापोलीला गेलो, गोळ्या घरी राहिल्या. तिसऱ्या दिवशी डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. व्यसन नव्हे ते, पण सोडताना डॉक्टरांना विचारून हळूहळू सोडावी लागते.

सहज_सुचलं:
प्राणायाम करा. गोळ्या कशाला?

पौडफाट्यावरची:
करते हो. सिग्नलला डोळे मिटले की मागचे हॉर्न वाजवतात.

काउंटरपलीकडचा:
२२ वर्षं केमिस्ट आहे. ताई, दोघींची कामं वेगळी. एस्सिटालोप्राम सेरोटोनिनवर काम करते, आठवडे लागतात. प्रोप्रानोलॉल मुळात बीपी-हृदयाची गोळी. ॲड्रेनॅलिनला हृदयापाशी अडवते, म्हणून धडधड, थरथर तास-दीड तासात उतरते. मनातली काळजी तिथेच राहते. दोन्ही आईच्या गोळीच्या जातीतल्या नाहीत.
पण स्ट्रिप उलटी करून घटक वाचा. एस्सिटालोप्राम अधिक क्लोनाझेपाम, प्रोप्रानोलॉल अधिक एटिझोलाम अशा जोडगोळ्या सर्रास मिळतात, आणि नावात एखाद-दुसऱ्या अक्षराचाच फरक असतो. क्लोनाझेपाम आणि एटिझोलाम ही आईच्या गोळीचीच भावंडं.
आणि दमा नाही ना? प्रोप्रानोलॉलने श्वासनलिका आकसतात.

पौडफाट्यावरची:
घटक बघितले, जोड काही नाही. पण दमा आहे. लहानपणापासून. अजूनही दिवाळीच्या धुरात इनहेलर लागतो. डॉक्टरांनी ‘दुसरा काही आजार?’ विचारलं तेव्हा मी सरळ नाही म्हणाले. इतक्या वर्षांत तो आजार वाटेनासाच झालाय, घरातलाच कुणीतरी असावा तसा.
आत्ता फोन केला. प्रोप्रानोलॉल घ्यायचीच नाही म्हणाले. एस्सिटालोप्राम आज रात्रीपासून. महिन्या-दीड महिन्यात पुरेसा फरक पडला नाही तर बस्पिरोन जोडतील. तिचीही सवय लागत नाही, पण तिलाही दोन-तीन आठवडे द्यावे लागतात म्हणे.
स्ट्रिप न फोडलेली आहे. परत घेता का हो तुम्ही लोक?